वटवाघळाचे जुने चिनी दागिने घेताना

छिंग राजवटीतल्या (१६४४–१९११) केसांच्या आकड्यांवर वटवाघूळ सर्रास दिसते. तिथे ते शुभ. पाच एकत्र म्हणजे दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि सुखाचा मृत्यू.

खंड्या पक्ष्याची निळी पिसे धातूच्या पत्र्यावर चिकटवलेले नग सर्वांत देखणे, आणि फसगतही तिथेच सोपी. दहापट भिंगाखाली खऱ्या पिसाचे बारीक समांतर तंतू दिसतात. नग हळूहळू तिरपा करा: निळा रंग कोनानुसार बदलला पाहिजे, कारण तो रंगद्रव्यातून नव्हे, पिसाच्या रचनेतून येतो. रंगवलेले हंसपीस किंवा रिबन तशीच निर्जीव राहते.

मग मागची बाजू. पत्रा बहुधा मुलामा दिलेल्या चांदीचा किंवा तांब्याचा. घासल्या जाणाऱ्या कडांवर खालचा धातू डोकावतो. मुलामा सगळीकडे सारखा चकचकीत असेल तर काम नवे किंवा पुन्हा मुलामा दिलेले. रोमन लिपीत ‘चायना’ ठसा असेल तर माल निर्यातीचा, बहुतेक १८९१ नंतरचा.

पिसे सरसाने चिकटवलेली असतात, पाण्याने सुटतात. त्यामुळे अल्ट्रासॉनिक (द्रवात बुडवून ध्वनिलहरींनी केलेली) सफाई अजिबात नको; कोरडा मऊ कुंचला, तोही तंतूंच्याच दिशेने. पिसे खाणाऱ्या कसरीकडे लक्ष ठेवा. परदेशातून मागवण्याआधी वन्यजीव आणि कस्टमचे नियम विचारून घ्या, नाहीतर पिसांपायी नग अडकू शकतो.