मोगऱ्याला नुसती पानं, पुदिना करपतो: माझा अनुभव

दोन उन्हाळे मोगरा हिरवागार पण कळी एक नाही, अन् बाजूचा पुदिना करपून जाय. युरिया टाकला तर पानंच वाढली, रोज पाणी दिलं, कुंडी बदलली, पार वैतागलो राजेहो. दोघांना एकच जागा अन् एकच पाणी, हीच चूक होती.

जानेवारीच्या शेवटी मोगरा कडूलिंबाखालून काढून अंगणात ठेवला जिथं ६ तास ऊन पडते, १० दिवस पाणी एकदम कमी, मग एक तृतीयांश छाटला, उरलेली पानं तोडली, वरची माती उकरून २ ओंजळी कुजलेलं शेणखत, अन् त्यानंतरच भरपूर पाणी. फूल नव्या फुटव्यावर येते, छाटणीला भिऊ नका. पुदिना मात्र रांजणापाशी सावलीत, माती कायम ओलसर. मार्चमध्ये मोगऱ्याला कळ्या दिसल्या.