बँकॉक एकट्याने : रस्ता टाळा, दुपार टाळा

बँकॉकबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्ही खरी आहेत. सकाळी सातला नदीवर हवंहवंसं वाटणारं हे शहर दुपारी दोनला, अडकलेल्या टॅक्सीत, पार नकोसं होतं. एकट्या माणसाला तर जास्तच, कारण टॅक्सीचं भाडंही वाटून घ्यायला कुणी नसतं आणि वैतागही. म्हणून काय बघायचं याच्या आधी दोन गोष्टी ठरवा: मुक्काम कुठे आणि दुपारी काय.

खाओ सान रोड स्वस्त आहे, ओळखीही पटकन होतात. पण तिथे ना स्कायट्रेन पोचते ना मेट्रो. फ्रा आथित धक्क्यावरून बोट मिळते, ती संध्याकाळनंतर बंद. मग टॅक्सीवाल्याच्या मर्जीवर. दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं तर बीटीएस (स्कायट्रेन) किंवा एमआरटी (मेट्रो) स्टेशनपासून दहा मिनिटांत चालत पोचता येईल अशी खोली घ्या, थोडी महाग पडली तरी. इथे एक फसगत नेहमीची. 'सोई' म्हणजे मोठ्या रस्त्याला फुटलेली गल्ली. सुखुमवित रस्त्यावर एका बाजूला विषम आकड्यांच्या सोई, दुसऱ्या बाजूला सम. पण आकडे समोरासमोर येत नाहीत. थाँग लो स्टेशनच्या एका अंगाला सोई ५५ आहे आणि दुसऱ्या अंगाला सोई ३८! शिवाय काही सोई किलोमीटरभर आत जातात. 'सुखुमवितला लागून' असं लिहिलेलं हॉटेल गल्लीच्या पार टोकाला निघालं की रोज उन्हात तंगडतोड. हॉटेलचा पत्ता नव्हे, नकाशावरचं स्टेशनपासूनचं चालायचं अंतर बघा. लांब सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकिटातले मोटारसायकलवाले उभे असतात. एकट्याला हे वाहन सगळ्यात सोयीचं. भाडं आधी विचारायचं आणि हेल्मेट मागून घ्यायचं.

निघण्यापूर्वी ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नाही एवढं ओळखा.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात की तळघरात जा. एअरपोर्ट रेल लिंक तिथूनच सुटते. फाया थाई स्टेशनपर्यंत ४५ बात (थायलंडचं चलन), अर्ध्या तासाच्या आत, आणि तिथे लगेच बीटीएस. चलन बदलायच्या खिडक्याही याच मजल्यावर बघा, वरच्यापेक्षा दर बरे मिळतात. एटीएममधून काढायचे तर परदेशी कार्डावर दर वेळी २२० बातच्या आसपास कापले जातात, म्हणून थोडे थोडे काढू नका. मशीन 'तुमच्या चलनात रूपांतर करू का?' असं विचारतं, तेव्हा नको म्हणा. तो दर मशीनवाल्याच्या फायद्याचा असतो. रात्री उशिरा पोचलात तर तळमजल्यावरच्या यंत्रातून टॅक्सीची चिठ्ठी घ्या. मीटरवर ५० बात विमानतळाचे आणि टोल वेगळा, हे ठरलेलंच आहे, त्यावर वाद घालू नका. चिठ्ठी मात्र ड्रायव्हरला देऊन टाकू नका. सामान राहिलं तर तीच कामी येते.

आता देवळांचा दिवस. साडेसातच्या सुमारास सफान ताक्सिन स्टेशनला उतरून खालच्या साथोन धक्क्यावर जा. समोर आधी निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीची खिडकी दिसते आणि तिकडेच हाकारतात. तुम्हाला नारिंगी झेंड्याची हवी: कुठेही उतरा, १६ बात. तिकीट बोटीवरच मिळतं. कंडक्टरबाई पत्र्याचा लांबट डबा खुळखुळवत येतात, तो आवाज आला की सुटे काढायचे. बोट धक्क्याला जेमतेम टेकते, तेव्हा आपला थांबा यायच्या आधीच मागच्या टोकाशी येऊन उभे राहा. पुढे गर्दीत अडकलात तर पुढचा थांबा बघायला मिळेल.

था चांग धक्क्यावर उतरून ग्रँड पॅलेस, म्हणजे राजवाडा. साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कपड्यांवर ओढणी घेऊन चालत नाही. वाटेत कुणीतरी अदबीने सांगेल, 'आज पॅलेस बंद आहे, पूजा आहे, तोवर टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो.' ती सहल रत्नांच्या नाहीतर कपड्यांच्या दुकानात संपते. थांबू नका, थेट दरवाज्यापर्यंत जाऊन बघा. आत पाचूच्या बुद्धासमोर झुंबड असते आणि मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटरची, उंचावर. निराशा होऊ शकते. त्याऐवजी भोवतालच्या ओवऱ्यांत वेळ द्या. तिथे १७८ चित्रचौकटींत रामकियेन, म्हणजे थाई रामायण, रंगवलंय. आपल्याला गोष्ट माहीत असल्याने गाइड लागत नाही, पण हा हनुमान ब्रह्मचारी नाही, एवढी तयारी ठेवा.

तिथून वाट फो (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ) चालत दहा-पंधरा मिनिटं. ४६ मीटरचा पहुडलेला बुद्ध बघताना सगळे चेहऱ्याशी गर्दी करतात. तळव्यांपाशी जा, शिंपल्यात जडवलेली १०८ शुभचिन्हं तिथे आहेत.

एव्हाना साडेअकरा होतात. इथेच बहुतेकांचं चुकतं: 'समोरच तर आहे' म्हणून भर उन्हात नदीपलीकडच्या वाट अरुण देवळाच्या पायऱ्या चढतात आणि संध्याकाळ खोलीत झोपून काढतात. त्यापेक्षा सनाम चाय स्टेशनातून मेट्रो धरा, एसीत जेवा, पडा. एमआरटीच्या दारावर कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवलं की चालतं. बीटीएसला वेगळं रॅबिट कार्ड किंवा सुटं तिकीट. चारनंतर परत येऊन था तिएन धक्क्यावरून पाचेक बातच्या तरीने पलीकडे जा, आणि सूर्यास्ताला पुन्हा अलीकडे या. वाट अरुण पश्चिम काठावर आहे, त्यामुळे त्याच्यामागे मावळणारा सूर्य या काठावरूनच दिसतो. सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागलं आणि सगळे थबकले, तर तुम्हीही थांबा.

खाण्यात एकट्याची चंगळ आहे, कारण गाडीवर सगळंच एका माणसाचं. नूडल्स आधी सांगायच्या: सेन लेक म्हणजे बारीक पट्ट्या, सेन याई रुंद, बा मी अंड्याच्या पिवळ्या. मग 'नाम' म्हणजे रश्शासकट, 'हेंग' म्हणजे कोरडं. टेबलावर साखर, मिरचीचं व्हिनेगर, फिश सॉस आणि लाल तिखट असतं. चव ज्याची त्याने जुळवायची. शाकाहाऱ्यांनी 'नो मीट' म्हणून भागत नाही, कारण फिश सॉस आणि ऑयस्टर सॉस भाजीतही पडतो. 'जे' (जेवणातला जे) असं विचारा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेल्या गाडीवर मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. याओवारातची, म्हणजे चायनाटाउनची, खाऊगल्ली सोमवारी बरीच ओस असते, तेव्हा तो दिवस सोडून जा, स्टेशन वाट मांगकोन.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. त्यानंतर काचेमागे लाल दिवा लागलेली, म्हणजे रिकामी, टॅक्सी थांबवा आणि बसण्याआधी 'मीटर?' एवढंच विचारा. आकडा सांगितला तर दार लावून मागच्या टॅक्सीला हात करा.