स्ट्रेच मार्क्स: लावायच्या आधी या चुका टाळा

स्ट्रेच मार्क्स घेऊन माझ्याकडे येणाऱ्या माणसाने तोवर बरंच काही लावून पाहिलेलं असतं. खोबरेल, कोरफड, बटाट्याचा रस, ऑनलाइन मागवलेलं कसलं तरी सोनेरी तेल, आणि शेवटी मैत्रिणीच्या जावेला लागू पडलेली ट्यूब. रेषा कशामुळे आल्या, हे मात्र यातल्या बहुतेकांनी स्वतःला विचारलेलं नसतं. माझी सगळी कटकट तेवढ्यापुरतीच आहे.

आधी थोडक्यात आत काय होतं ते सांगते. कातडीचा वरचा थर शाबूत राहतो आणि खालच्या थरातले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू तुटतात. ब्लाउजचं कापड धड आणि आतलं अस्तर उसवलेलं, असा प्रकार. रेषा ताज्या असतात तेव्हा गुलाबी-लाल दिसतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर त्या बरेचदा जांभळट किंवा तपकिरी असतात, त्यामुळे त्या नव्या आहेत हेच कळत नाही. काही महिन्यांनी त्या पांढुरक्या आणि किंचित दबलेल्या होतात. नुसत्या ताणाने हे होत नाही. संप्रेरकं त्यात असतात, विशेषतः कॉर्टिसॉल, आणि घराण्याचा वाटाही मोठा असतो. म्हणून एकीचं वजन वीस किलोने वाढूनही पोट साफ राहतं आणि दुसरीला दहा किलोतच रेषा येतात.

पहिली चूक: गजकर्णाची ट्यूब

यावर मी जास्त बोलणार आहे. स्ट्रेच मार्क्सचं पूर्णपणे टाळता येण्यासारखं एक कारण आहे, आणि ते मेडिकलच्या काउंटरवर विकलं जातं.

आमच्या तालुक्यात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं ढिगाने आहेत. पहाटे मैदानावर १६०० मीटर, मग गोळाफेक, मग घामाने भिजलेल्या नायलॉनच्या ट्रॅकपँटवरच चहा-पोहे. भाड्याच्या एका खोलीत पाच-सहा जण, दोरीवर न वाळलेले टॉवेल, आणि त्यातला कुठला कोणाचा याचा पत्ता नाही. पावसाळ्यात जांघेत गजकर्ण होणार नाही तर काय?

त्यातलाच एक आला. दोन्ही जांघांमध्ये बोटभर रुंदीच्या जांभळ्या रेघा, खाली मांडीपर्यंत उतरलेल्या. एका ठिकाणी कातडी इतकी पातळ झालेली की खालची शीर दिसत होती. तो म्हणाला, "मॅडम, नायटा आत गेलाय. म्हणून दुप्पट लावतोय." काय लावतोस, म्हटल्यावर त्याने खिशातून ट्यूब काढली. खालून घट्ट गुंडाळत आणलेली आणि शेवटी ब्लेडने उभी कापून आतलं मलम बोटाने पुसून घेतलेलं. वर्षभर हेच चाललं होतं. एका ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि सोबत क्लोबेटासॉल. हे क्लोबेटासॉल म्हणजे लावायच्या स्टेरॉइडमधलं (कॉर्टिसॉलसारखं काम करणाऱ्या औषधांतलं) सगळ्यात जोरकस.

गंमत अशी की ट्यूब 'लागू' पडते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते. बुरशी मरत नाही, फक्त दबते. लावणं थांबवलं की परत येते, म्हणून परत लावायचं. तोवर स्टेरॉइड कातडीचं कोलॅजन कमी करत राहतं. जांघेत कातडी मुळातच नाजूक, एकावर एक घडी, वर घाम, त्यामुळे औषध तिथे हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. मग ज्या रेघा येतात त्यांना पोरं रोग समजतात आणि त्याच ट्यूबने त्या रोगावर उपचार करतात.

त्याचे दोन प्रश्न होते. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत हे नडेल का, आणि रेघा जातील का. पहिल्याचं उत्तर मी कशी देणार? दुसऱ्याचं मात्र स्पष्ट दिलं: रंग उतरेल, रेघ राहील. ट्यूब बंद केली आणि पोटातून व वरून फक्त बुरशीची औषधं सुरू केली. चौथ्या दिवशी तो भांडायलाच आला. खाज दुपटीने उसळली होती. स्टेरॉइड थांबवल्यावर हे होतं, आणि आधी सांगितलेलं असलं तरी कोणाला आठवत नाही. त्या दिवशी त्याने परत ट्यूब लावली नाही, याचं श्रेय मी त्याला मनापासून देते. बहुतेक लोक तिथेच हरतात. पुढच्या आठवड्यात खोलीतली बाकीची मंडळीही तपासायला आली. तीच ट्यूब सगळ्यांत फिरत होती.

लावायची बहुतेक स्टेरॉइडं २०१८ साली सरकारने शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर नियम ठीक आहे. पण काउंटरवर उभं राहून "गजकर्णाचं लवकर फरक पडेल असं काहीतरी द्या" म्हणणारं गिऱ्हाईक आहे तोवर दुकानदार एकटा गुन्हेगार, हे मला पटत नाही. तपासणीचे पैसे वाचवायला म्हणून घेतलेली ट्यूब शेवटी तपासणीपेक्षा महाग पडते.

तुम्ही एवढंच करा. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव दिसलं तर ते जांघेत, काखेत, छातीखाली किंवा चेहऱ्यावर स्वतःच्या मनाने लावू नका. खोक्याच्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध आहे. डॉक्टरने दिलं असेल तर किती दिवस, हे विचारून लिहून घ्या. "बरं वाटेपर्यंत" हे उत्तर मान्य करू नका. आणि माझ्याकडे येताना लावलेलं सगळं पिशवीत घालून आणा, संपलेल्या ट्यूबसकट. नावं कोणाला आठवत नाहीत, "पांढरी, निळ्या झाकणाची" एवढंच आठवतं.

तेलाकडून नको त्या अपेक्षा

सातवा महिना लागला की पोट खाजतं, आणि घरातल्या बायका सांगतात, "बाळाला केस येतायत. खाजवू नकोस, व्रण पडतील." हे आजचं नाही. बाळाच्या केसांमुळे आईला जळजळ होते असं स्त्रिया म्हणतात, हे चरकसंहितेत नोंदलंय, आणि लगेच पुढे त्याच ग्रंथातले गुरू आत्रेय म्हणतात, तसं नाही. तरी केसांची गोष्ट अजून जिवंत आहे. खाजवू नये हा सल्लाही तिथलाच, आणि कातडी सोलू नये म्हणून तो चांगलाच आहे. पण नखांनी स्ट्रेच मार्क्स येत नाहीत.

तेलाचं तसंच. पोटाला तेल लावा, जरूर लावा. कोरडेपणा जातो, खाज कमी होते, आणि सासूबाईंनी दहा मिनिटं बसून हलक्या हाताने लावलं तर सुनेला बरंही वाटतं. पण तेल तुटणाऱ्या तंतूंपर्यंत पोचत नाही. वरून लावायच्या गोष्टींनी गरोदरपणातल्या रेषा टळतात का, याचा २०१२ साली कोक्रेनने, म्हणजे उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, आढावा घेतला. ६ चाचण्या, सुमारे ८०० स्त्रिया. टळतात असं दाखवणारा भक्कम पुरावा मिळाला नाही. ऑलिव्ह तेल आणि कोको बटर दोन्ही त्यात होते. मग "मला त्या तेलाने गेल्या" असं इतक्या जणी का म्हणतात? कारण बाळंतपणानंतर सहा महिने ते वर्षभरात रेषांचा रंग आपोआप उतरतो. तेवढ्या काळात बाई जे काही लावत असते, श्रेय त्याला मिळतं. म्हणून हजाराच्या बाटलीपेक्षा घरचं खोबरेल मला बरं वाटतं. काम तेवढंच करतं, आणि नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

ज्यांच्या आईला रेषा होत्या, ज्या लहान वयात आई होतायत, ज्यांचं बाळ मोठं आहे किंवा जुळं आहे, त्यांना रेषा येण्याची शक्यता जास्त. त्यात तिचा हलगर्जीपणा कुठेच नाही. "तू तेल लावलं नाहीस, म्हणून" असं तिला ऐकवणाऱ्यांवर माझा राग आहे.

खाजेबद्दल मात्र एक गोष्ट पाठ करा. खाज रेषांमध्ये पुरळ येऊन सुटत असेल तर त्रासदायक असली तरी सहसा धोक्याची नसते. पण शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजत असतील, आणि रात्री ती खाज वाढत असेल, तर तेल लावत बसू नका. यकृतातल्या पित्ताच्या अडथळ्याने असं होतं आणि बाळाला त्याचा धोका असतो. प्रसूतितज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा, रक्त तपासायला सांगतील.

लग्न महिन्यावर आलंय

ही माणसं मला दुरूनच ओळखू येतात. हातात मोबाइल, मोबाइलवर आधीचा-नंतरचा फोटो, आणि पहिलं वाक्य "लेझरने एका सिटिंगमध्ये जातं ना?"

नाही जात. ताज्या, रंग असलेल्या रेषांवर काही उपाय थोडेफार चालतात. ट्रेटिनॉइनचं मलम महिनोन्‌महिने लावलं तर रेषा आखूड-बारीक होऊ शकतात, पण गरोदरपणात ते वर्ज्य आहे आणि अंगावर पाजत असाल तर विचारल्याशिवाय नाही. जुन्या पांढऱ्या रेषांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्याठिपक्याने मारलेलं लेझर). अनेक सिटिंग, प्रत्येकामध्ये आठवड्यांचं अंतर, आणि शेवटी मिळते ती सुधारणा, सफाई नव्हे. शिवाय सावळ्या कातडीवर लेझरनंतर काळपट डाग पडू शकतात, ते जायला महिने लागतात. लग्नाच्या एक महिना आधी हे सुरू करायला आलेल्या मुलीला मी परत पाठवते. ती बहुतेकदा पार्लरमध्ये जाते, हेही मला माहीत आहे.

घरच्या डर्मारोलरचं, म्हणजे बारीक सुया बसवलेल्या रोलरचं, तर विचारू नका. एक मुलगी आली होती, बहिणीबहिणी मिळून एकच रोलर वापरणारी, आणि वर लिंबाचा रस. मांड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके, रांगेत, रोलर जसा फिरला तसे. रेषा होत्या तिथेच होत्या. दुसऱ्याच्या रक्ताला लागलेली सुई आपल्या अंगात घालायची नसते, त्यातून हेपॅटायटिस बी सारखे आजार पसरतात, हे शिकलेल्या मुलींना वेगळं सांगावं लागतं.

बाकीच्या, पटापट

खरखरीत घासणी किंवा कॉफीचा स्क्रब: वरचा थर घासून खालचा सांधत नाही.

टूथपेस्ट: नको.

वजन कमी केलं की जातील: रेषा जात नाहीत, वजनाचे बाकी फायदे घ्या.

जिममध्ये काखेपुढे आणि दंडावर आलेल्या रेषा 'मसलची खूण' म्हणून मिरवणं: मिरवा, पण पावडरच्या डब्यात आणि इंजेक्शनमध्ये काय आहे ते आधी मला सांगा.

गोरं होण्याचं क्रीम: त्यातही स्टेरॉइड असू शकतं. वर वाचा.

रेषा आहेत तिथेच बघत राहणं

वयात येणाऱ्या उंच मुलांच्या पाठीवर, कमरेच्या वर, आडव्या रेषा येतात. एकाखाली एक, पट्ट्याने मारल्यासारख्या. आईबाप घाबरतात, शाळेत मुलाला कोणी मारतं का अशी चौकशी होते. मुलगा वर्षात भराभर वाढला असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर ते वाढीचंच आहे. औषध लागत नाही. मुलाला मात्र त्याच्यासमोर नीट समजावून सांगा, कारण तो आधीच शर्ट काढायला लाजत असतो.

याच्या उलट एक प्रकार आहे आणि तो चुकवायचा नसतो. पोटावर सेंटिमीटरहून रुंद, गडद जांभळ्या रेघा. चेहरा गोल आणि लालसर झालेला, पोट सुटलेलं पण हातपाय बारीक, जरा लागलं की काळंनिळं पडणं, मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणं, सोबत रक्तदाब किंवा साखर वाढलेली. हा कुशिंग सिंड्रोम असू शकतो, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल जास्त झालेलं. त्यासाठी रात्री एक गोळी देऊन सकाळी रक्त तपासतात, लघवीही तपासतात. पण तपासणी लिहायच्या आधी माझा प्रश्न ठरलेला असतो: सांधेदुखीवर, दम्यावर किंवा तब्येत सुधारायला कोणाच्या पुड्या घेता का? बिनलेबलच्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. आणि उत्तर 'हो' असेल तर घरी जाऊन त्या पुड्या एकदम फेकून देऊ नका. शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं तोवर थांबवलेलं असतं, अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, ते डोस हळूहळू उतरवतील. रेषांचं त्यानंतर बघू.