सुगंधी पेनाची रचना: अत्तर कुठे ठेवावे, किती ठेवावे आणि ते कसे झाकावे

सुगंधी पेन करायचे ठरवले की बहुतेकांचा हात अत्तराच्या कुपीवरून थेट शाईच्या दौतीकडे वळतो, आणि पेन बिघडायला सुरुवात होते ती तिथूनच. शाईपेनाची शाई म्हणजे मुख्यतः पाणी. त्यात विरघळलेला रंग, निबवर ती लगेच वाळू नये म्हणून थोडे ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल आणि बुरशी रोखणारे एखादे द्रव्य. अत्तर मात्र तेल असते. ते या पाण्यात मिसळत नाही, वर तवंग धरते आणि निबखालच्या जिभलीतील अतिशय बारीक खाचांमध्ये शिरून बसते. या खाचांमधून शाई केशाकर्षणाने खाली उतरत असते आणि तेवढीच हवा उलट वाटेने टाकीत चढत असते. तेलाने हा ताळमेळ मोडला की पेन एक तर कोरडे लिहू लागते, नाही तर अक्षर कागदावर फुटते. बॉलपेनाची शाई तेलकट आणि घट्ट असली तरी तिथेही अत्तर चालत नाही, कारण टोकाच्या ०.७ किंवा १ मिलिमीटरच्या गोळीभोवतीच्या फटीतून किती शाई यावी हे त्या घट्टपणावरच ठरवलेले असते. ती पातळ झाली की रिफिल गळते. जेलपेनात शाईच्या मागे ग्रीससारख्या द्रव्याचा एक पारदर्शक थर असतो आणि तोच शाईला वाळण्यापासून वाचवतो. तेल लागले की तो थर टिकत नाही. म्हणून रचनेचा पहिला निर्णय असा करावा की शाई आणि सुवास यांचे कप्पे पूर्णपणे वेगळे असतील.

याला एक अपवाद सांगण्याजोगा आहे. गुलाबाच्या वासातील एक मुख्य घटक, फिनाईल इथाईल अल्कोहोल, पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम. गुलाबपाण्याला एवढा वास असतो तो याच कारणाने. ज्यांना शाईपेनच वापरायचे आहे आणि शाईलाच वास हवा आहे, त्यांनी हा शुद्ध घटक सुगंधी रसायनांच्या विक्रेत्याकडून घेऊन ३० मिलिलिटरच्या दौतीत एक थेंब टाकावा, दौत चांगली हलवून दोन दिवस तशीच ठेवावी आणि आधी एखाद्या स्वस्त पेनात भरून पाहावी. बाजारातले गुलाबपाणी शाईत ओतू नये, कारण त्याने रंग फिका पडतो आणि बुरशीला निमंत्रण मिळते. फ्रान्समधील जे. हर्बिनसारख्या शाईच्या जुन्या कंपन्या तयार सुगंधी शाईही विकतात. ती ज्यांना सहज मिळते त्यांनी घरी खटपट करू नये, असे माझे मत आहे.

आता सुवासाचा कप्पा पेनात कुठे असावा, या प्रश्नाकडे येऊ. पेन हातात धरून लिहिताना ते मागे कलते, टोक कागदावर राहते आणि शेंडा लिहिणाऱ्याच्या खांद्याच्या दिशेने वर येतो. पेनाचा नाकाला सर्वांत जवळचा भाग तोच. पकडीच्या जागी अत्तर ठेवले तर ते घामात मिसळून बोटांना लागते, आणि लवंग, दालचिनी, लिंबूवर्गीय फळे यांच्या तेलांतील काही घटकांनी अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठते. टोपणात ठेवले तर पेन बंद असताना सगळी वाफ निबभोवती कोंडून राहते. त्यामुळे शेंड्यातला, आट्यांनी बसणारा आणि रिफिलपासून भक्कम पडद्याने वेगळा केलेला कप्पा हीच योग्य जागा होय. मात्र या रचनेत टोपण शेंड्यावर खोचता येणार नाही, हे आधीच मान्य करावे. टोपण नको असेल तर टोक फिरवून बाहेर काढण्याची यंत्रणा पुढच्या भागात घ्यावी.

कप्प्याला नुसती भोके पाडून भागत नाही. आपले नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावते आणि मग तो वास असूनही जाणवेनासा होतो. लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही, शेजारी बसलेल्याला मात्र त्रास होतो आणि अत्तर उडून जाते. वास हवा तेव्हा उघडता आला पाहिजे आणि नको तेव्हा घट्ट मिटता आला पाहिजे. यासाठी सर्वांत सोपी रचना आपल्या घरात पूर्वीपासून आहे: टाल्कम पावडरच्या डब्याचे फिरणारे झाकण. आतल्या नळीला चार भोके आणि बाहेरच्या कड्यालाही चार भोके. कडे अर्धपाव फिरवले की भोकांवर भोके येतात, परत फिरवले की मिटतात. कडे नेमके तेवढेच फिरावे यासाठी आतल्या नळीत एक बारीक खाच आणि कड्यात एक खुंटी ठेवावी. ही खुंटी खर्च वाचवण्यासाठी गाळण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण तिच्याशिवाय कडे खिशात आपोआप फिरते आणि सदऱ्यावर तेलाचा डाग पडतो.

मापे ठरवताना रिफिलपासून सुरुवात करावी. पार्कर पद्धतीची रिफिल सुमारे ९८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर जाड असते आणि सांगलीत कोणत्याही बऱ्या स्टेशनरी दुकानात मिळते. पेनाची एकूण लांबी १४० मिलिमीटर धरली तर शेंड्याकडे २० मिलिमीटरचा कप्पा, त्याच्या तळाचा दोन मिलिमीटरचा पडदा आणि सहा मिलिमीटरच्या आट्या आरामात बसतात. कप्प्याचा आतला व्यास ६ मिलिमीटर ठेवावा, म्हणजे जागा अर्ध्या मिलिलिटरहून थोडी अधिक होते आणि ती पुरेशी आहे. आतल्या नळीचा बाहेरचा व्यास ७.९, कड्याचा आतला व्यास ८ आणि बाहेरचा १० मिलिमीटर ठेवला तर कडे न अडकता आणि न खुळखुळता फिरते. भोके सुरुवातीला एक मिलिमीटरचीच पाडावीत. भोक मोठे करणे केव्हाही शक्य असते, लहान करणे शक्य नसते. रिफिलच्या मागच्या बाजूने हवा आत यावी लागते, म्हणून रिफिलची नळी पूर्ण हवाबंद न करता तिला कप्प्यापासून दूर एक बारीक छिद्र ठेवावे. असा नकाशा मापांसह कागदावर काढून दिला तर कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील लहान टर्निंगच्या वर्कशॉपमध्ये लेथवर हे काम होऊ शकते. मोठ्या कारखान्यांची ऑर्डर चालू असताना एका पेनासाठी कोणी यंत्र थांबवत नाही, तेव्हा कामाची गर्दी नसलेला दिवस विचारून जावे.

या पेनाचे यश सर्वांत जास्त अवलंबून असते ते कप्प्याच्या धातूवर किंवा प्लास्टिकवर. सुगंधी तेले प्लास्टिकशी फटकून वागतात. संत्र्याच्या सालीतले लिमोनीन आणि लवंगेतले युजेनॉल पॉलिस्टायरीन चक्क विरघळवतात. अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला केसासारख्या चिरा जातात. नैसर्गिक रबराचे वायसर फुगून वेडेवाकडे होतात. पॉलिप्रॉपिलीन त्या मानाने टिकते, परंतु वास स्वतःत मुरवून घेते, त्यामुळे एकदा मोगरा ठेवला की पुढे काहीही ठेवले तरी मोगरा येतच राहतो. पितळ दिसायला देखणे असले तरी तेलांच्या सहवासात काळे-हिरवे पडते. कप्पा आणि कडे अॅल्युमिनियमचे किंवा स्टेनलेस स्टीलचे करावे. अॅल्युमिनियमचा आणखी एक फायदा असा की त्याची घनता २.७ असते, पितळेची साधारण ८.५, त्यामुळे मागचा कप्पा अॅल्युमिनियमचा आणि पुढची पकड पितळेची केली की वजन पुढे राहते आणि लिहिताना पेन मागे ओढत नाही. सांध्यात रबराऐवजी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी, नळ जोडताना प्लंबर वापरतो तीच.

मधली नळी लाकडाची हवी असेल तर सागवान चांगले. चंदनाचा विचार अनेकांच्या मनात येतो, परंतु चंदनाचे झाड तोडायला आणि लाकूड नेण्या-आणण्याला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून कागदपत्रे असलेल्या अधिकृत विक्रेत्याखेरीज कोणाकडूनही तुकडा घेऊ नये. शिवाय चंदनाचा वास फक्त गाभ्याच्या लाकडाला असतो आणि बाहेरून पॉलिश केले की तो बाहेर येतच नाही. पॉलिशबाबत मिरजेतील तंतुवाद्याच्या कारागिरांचे काम जवळून पाहावे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कापडाच्या बोळ्याने लाखेचा हात एकावर एक देत देत लाकडाला खोल, ओलसर वाटावी अशी झळाळी कशी येते, हे तिथे दिसते. मात्र लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून लाखेचे पॉलिश केलेल्या पेनात स्पिरिटयुक्त परफ्यूम कधीही भरू नये. एक थेंब ओघळला तरी तेवढ्या जागेची झळाळी जाऊन पांढुरका चट्टा पडतो.

सुगंधाची निवड आवडीवर सोडावी, पण त्याचे उडणे समजून घेऊन. लिंबू-संत्र्याच्या वासातले लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळते आणि साध्या हवेतही भराभर उडते, गुलाबातला मघाशी सांगितलेला घटक सुमारे २२० अंशांना उकळतो, आणि चंदनातील सँटालॉल ३०० अंशांच्या आसपास. आकडा जेवढा मोठा, तेवढा वास सावकाश आणि दीर्घकाळ येतो. सांगलीकराच्या मनात हळद येणे स्वाभाविक आहे, विशेषतः येथील हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर. हळदीच्या पानाचा वास हिरवा आणि ताजा असतो, पण त्याचे घटक हलके असल्याने तो टिकत नाही. गड्ड्याचे तेल जड, मातकट आणि टिकाऊ असते. एकट्याने ते उग्र वाटते, वाळ्याच्या तेलात थोडेसे मिसळले तर मात्र फार सुंदर लागते. हळदीची पूड कप्प्यात भरणे सर्वथा टाळावे; तिचा पिवळा डाग वहीवरून आणि बोटांवरून जात नाही.

तेलाची कटकटच नको असणाऱ्यांसाठी कोरडा मार्गही आहे, आणि मला तो अधिक भावतो. दिवाळीच्या उटण्याचे साहित्य ज्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळते तिथे वाळा, नागरमोथा आणि कापूरकाचरी मागावी. वाळ्याची मुळे कात्रीने पाच-सहा मिलिमीटरची कापून, कप्प्यात दाबून न भरता सैल ठेवावीत. बकुळीची फुले सुकल्यावरही वास धरून ठेवतात, तीही चालतात. वाळ्याचा वास दमट हवेत खुलतो, त्यामुळे जूनपासून हे पेन आपोआप बोलके होते. उन्हाळ्यात मुळांवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून, सावलीत निथळवून ती परत भरावीत.

अत्तरच वापरायचे असेल तर ते कप्प्यात मोकळे ओतू नये. स्केचपेनाच्या आत शाई धरणारी जी पांढरी तंतूंची कांडी असते, तशी न वापरलेली कांडी १५ मिलिमीटर कापून घ्यावी किंवा समईच्या वातीचा कापूस घट्ट वळून त्याची कांडी करावी. तिच्यावर दोन थेंब, फार तर तीन. कांडी बोटाला ओलसर लागली पाहिजे, दाबल्यावर थेंब सुटता कामा नये. कप्प्यात मोकळे तेल राहिले तर एप्रिल-मेच्या उन्हात कप्प्यातली हवा फुगते आणि ते तेल भोकांतून बाहेर ढकलते.

चाचणी घाईने उरकू नये. निवडलेल्या प्रत्येक प्लास्टिकचा किंवा पॉलिश केलेल्या लाकडाचा एक तुकडा घेऊन त्यावर अत्तराचा थेंब ठेवावा, झाकणाच्या बरणीत आठवडाभर राहू द्यावा आणि नखाने दाबून तो मऊ पडला आहे का ते पाहावे. नंतर तयार पेन कडे मिटून, टिपकागदात गुंडाळून, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दुपारभर ठेवावे. कागदावर तेलाची कडा उमटली तर कड्याचा बसाव सैल आहे. सुवास किती दिवस टिकेल याचा अंदाज नाकाने लागत नाही, वजनाने लागतो. दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा मिळाला तर भरलेला कप्पा रोज ठरावीक वेळी तोलून घट लिहून ठेवावी. पावसाळ्यात ही नोंद करताना कापसाची कांडी वापरू नये, कारण कापूस हवेतील ओल धरतो आणि वजन घटण्याऐवजी वाढलेले दिसते.

पेन लहान मुलांसाठी असेल तर चॉकलेट, स्ट्रॉबेरी असे खाद्यपदार्थांचे वास देऊ नयेत. ते पेन तोंडात जाणारच. टोपण ठेवायचे असेल तर त्याच्या माथ्याला हवा जाण्याइतके भोक असावे. घशात अडकलेल्या टोपणातून श्वास चालू राहावा यासाठी मुलांच्या पेनांच्या टोपणांना आयएसओ ११५४० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. वर्गात आणि परीक्षेच्या दालनात कडे मिटलेलेच ठेवायला मुलांना शिकवावे, कारण दम्याच्या आणि अर्धशिशीच्या रुग्णांना दुसऱ्याचा सुगंध सोसत नाही.

सुगंध बदलताना कांडी नवी घ्यावी, कप्पा पेनापासून आट्यांनी सोडवून वेगळा करावा, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने आतून पुसावा आणि कडे उघडे ठेवून रात्रभर वाऱ्यावर राहू द्यावा. ज्यांना ऋतूप्रमाणे वास बदलायला आवडतो, त्यांनी टर्नरकडून एका पेनाबरोबर दोन-तीन कप्पे एकदमच करून घ्यावेत. आट्यांचे माप एकच असल्याने ते आपसांत बदलता येतात आणि एका कप्प्यातला वाळा दुसऱ्यातल्या गुलाबात मिसळत नाही.