सातव्या प्रतीचा नारिंगी तारा : या चुका टाळा

प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाची पायरी; आकडा जितका मोठा तितका तारा मंद. नवख्याला सातव्या प्रतीचा नारिंगी तारा दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला : "नारिंगी कुठंय? मला तर राखाडी ठिपका दिसतोय." मग दुर्बिणीला नावं ठेवली जातात. मंद उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग कळतच नाही. शंकूपेशींना कळतो, पण त्यांना प्रकाश जास्त लागतो. शंकूपेशी नजरेच्या मधोमध दाटलेल्या, दंडपेशी कडेला. म्हणून तारा हुडकायला तिरकी नजर चालते, रंग मात्र सरळ बघूनच ठरवा. नुसत्या डोळ्यांची धाव सहाव्या प्रतीपर्यंत, तेव्हा ५० मिलिमीटरची द्विनेत्री तरी हवीच. तारा सापडला की मी फोकस किंचित बिघडवतो. ठिपक्याची चकती झाली की रंग पटकन कळतो.

अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइल उघडलात की पुन्हा पहिल्यापासून. दोन मिनिटांत "काही दिसत नाही" म्हणणाऱ्यांना तारा दिसणार नाही, हे मी आता तोंडावर सांगतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टक लावून बघणं. एका नारिंगी-तांबड्या ताऱ्याच्या तेजाची मी महिनाभर नोंद ठेवली होती. शेजारच्या पांढऱ्या ताऱ्याशी तुलना करायची, म्हणून दर रात्री एकटक बघत बसायचो. वहीत ताऱ्याचं तेज वाढत चाललं होतं आणि मी हरखलो होतो. दुसऱ्या निरीक्षकाच्या नोंदींत त्याचं तेज होतं तेवढंच होतं. तांबूस तारा जितका वेळ न्याहाळाल तितका तेजस्वी भासतो, हे तेव्हा कळलं. सबंध महिना रद्द केला. आता दोन्ही ताऱ्यांवर आळीपाळीने झटपट नजर टाकतो, आकडा लिहितो आणि मान वळवतो. चांदणं असेल तर तुलना करतच नाही.

क्षितिजालगतच्या ताऱ्याचा रंग वहीत लिहू नका. तिथं जाड वातावरण पांढऱ्यालाही नारिंगी करतं.

आणि "मंद आहे म्हणजे लांब आहे" हे तर डोक्यातून काढूनच टाका. नारिंगी रंग सांगतो पृष्ठभागाचं तापमान, साधारण ४ ते ५ हजार केल्विन. अंतर सांगत नाही. हंस तारकासमूहातला ६१ सिग्नी ही नारिंगी बटुताऱ्यांची, म्हणजे लहान ताऱ्यांची जोडी. जेमतेम पाचव्या प्रतीची, तरी अवघ्या ११.४ प्रकाशवर्षांवर. तितकाच मंद दिसणारा नारिंगी राक्षसी, म्हणजे फुगून प्रचंड झालेला तारा शेकडो प्रकाशवर्षं दूर असतो. दुर्बिणीतून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो लंबनातून, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जागेवरून किंचित सरकल्यासारखा दिसतो त्यावरून, आणि ६१ सिग्नीचं लंबन जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ सालीच मोजलं होतं.