‘लेट’ हे विशेषण वापरताना या चुका टाळा

इंग्रजीतील ‘लेट’ हे विशेषण आपल्या बोलण्यात इतके मुरले आहे, की ‘गाडी लेट आहे’ म्हणताना आपण परका शब्द वापरतो आहोत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. याच सलगीमुळे ‘लेट म्हणजे उशीर’ एवढ्यावर बहुतेकांचा अभ्यास थांबतो, आणि अर्ज व अनुवाद तपासताना त्याच त्या चुका माझ्यासमोर येत राहतात.

सर्वांत गंभीर चूक मृत्यूविषयी लिहिताना होते. ‘दिवंगत’ या अर्थी ‘लेट’ नामाच्या आधीच यावा लागतो. ‘माय लेट फादर’ म्हणजे माझे दिवंगत वडील. तोच शब्द क्रियापदापुढे गेला, की ‘माय फादर इज लेट’ या वाक्यात वडिलांना उशीर झाल्याचाच अर्थ उरतो. परदेशी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने शुल्कासाठी मुदत मागताना विद्यापीठाला हेच वाक्य लिहिले आणि ‘म्हणून शुल्क भरता आले नाही’ अशी जोड दिली. उलट विचारणा आली, की वडील कधीपर्यंत येतील आणि रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल. वडिलांना जाऊन महिनाही झाला नव्हता. ते उत्तर वाचून तो मुलगा फार दुखावला होता. परंतु कर्मचाऱ्याने समोरचे वाक्य बरोबरच वाचले होते. आम्ही ‘माय फादर डाइड ऑन’ असे लिहून पुढे तारीख घातली आणि अर्ज पुन्हा पाठवला. निधनाची माहिती प्रथमच द्यायची असेल तेव्हा मी विशेषणाच्या वाटेला जातच नाही, सरळ क्रियापद लिहितो. ते कठोर वाटते अशी तक्रार अनेक जण करतात. पण अशा प्रसंगी संदिग्ध लिहिणे अधिक कठोर ठरते.

या अर्थाचा वापर इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आढळतो, आणि त्यात ‘अलीकडे निधन पावलेला’ ही छटा आहे. म्हणून शिवाजी महाराजांच्या किंवा अकबराच्या नावामागे ‘लेट’ लावू नये.

दुसरी चूक रूपांची आहे, आणि ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘मंद, संथ’ असा होता. (आपल्या पासपोर्टावरील विनंतीत ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ असे शब्द आहेत; त्यातला अडथळा या अर्थाचा ‘लेट’ याच मुळाचा.) ‘लॅटर’ आणि ‘लास्ट’ ही त्या विशेषणाची जुनी तर-तम रूपे, तर ‘लेटर’ आणि ‘लेटेस्ट’ ही मागाहून घडलेली. नव्या जोडीकडे काळाचा अर्थ आला, जुनीकडे मुख्यतः क्रमाचा राहिला. त्यामुळे दोहोंपैकी दुसरा तो ‘लॅटर’, आणि नंतरचा तो ‘लेटर’. हयात लेखिकेच्या नव्या पुस्तकाला ‘हर लास्ट बुक’ म्हटले, तर तिने लेखन संपवले असाही अर्थ निघतो. तेथे ‘लेटेस्ट’च हवे. ही चारही रूपे एका कागदावर लिहून प्रत्येकाचे स्वतःचे एकेक वाक्य करावे, असे मी नव्या अनुवादकांना सांगतो. घाई असलेले हे टाळतात आणि मग तीच चूक छापून येते.

‘ही केम लेटली’ हे चूक आहे. उशिरा आला, तर ‘ही केम लेट’ म्हणावे. ‘लेटली’ म्हणजे अलीकडे.

यंत्राने केलेला अनुवाद न वाचता पुढे पाठवणाऱ्यांमुळे ‘लेट एन्ट्रीज’च्या ‘दिवंगत प्रवेशिका’ झालेल्या मी पाहिल्या आहेत. ‘लेट’च्या पुढे काय आहे हे मी प्रत्येक ठिकाणी थांबून पाहतो. पुढे व्यक्ती असेल तर निधनाचा अर्थ संभवतो; दशक असेल, तर त्याचा उत्तरार्ध समजावा. ‘इन हिज लेट फॉर्टीज’ म्हणजे पन्नाशीकडे झुकलेला माणूस, आणि मराठीत तसेच लिहावे.