गेमसाठी भाषा कशी निवडायची

"मावशी, गेम बनवायचाय, कुठली भाषा शिकू?" वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली पोरं माझ्याकडे येतात ती हाच प्रश्न घेऊन. मी उलट विचारते: गेम चालणार कशावर, आणि बनवणारे किती जण? फोन, ब्राउझर की प्लेस्टेशन? हे ठरलं की इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा करायचा तो तयार सांगाडा, ठरतं, आणि भाषा त्याच्याबरोबर येतेच. युनिटी घेतलं तर सी शार्प, अनरिअलला सी प्लस प्लस आणि ब्लूप्रिंट (कोड टाइप न करता चौकोन जोडत जायचे), गोडोला जीडीस्क्रिप्ट. ब्राउझरपुरताच खेळ असेल तर सरळ जावास्क्रिप्ट. सगळ्यात फास्ट भाषा कुठली, हा वाद पानाच्या गल्ल्यावर घालायला बरा.

मोठे स्टुडिओ सी प्लस प्लस का सोडत नाहीत, हे मात्र नीट समजून घ्या. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पडद्यावरची 60 चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. हालचाल, टक्कर, चित्र, सगळं त्यात उरकायचं. सी शार्पमध्ये वापरून झालेली मेमरी गार्बेज कलेक्टर गोळा करतो, आणि कधी करायची ते बहुतेक तोच ठरवतो. त्या क्षणी खेळ अडखळू शकतो. सी प्लस प्लसमध्ये ते तुमच्या हातात असतं.

माझ्या भाच्याने युनिटीत उत्तरायणचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, गेम केला. पेच रंगात आला की नेमका अडखळायचा. "सी प्लस प्लसमध्ये परत लिहितो," म्हणाला. म्हटलं, थांब, आधी प्रोफायलर उघड, वेळ आणि मेमरी कुठे जाते ते त्यात दिसतं. जीसी अ‍ॅलॉकच्या रकान्यात दर फ्रेमला आकडा, म्हणजे दर फ्रेमला नवी मेमरी घेतली जात होती! स्कोअर बदलो न बदलो, त्याची ओळ दर फ्रेमला नव्याने जुळवली जात होती. शिवाय पतंग कापला की डिस्ट्रॉय, म्हणजे पुसून टाकायचा, लगेच दुसरा इन्स्टॅन्शिएट, म्हणजे नवा बनवायचा. मग ओळ स्कोअर बदलेल तेव्हाच बनवली, आणि कापलेले पतंग नुसते बंद करून ठेवले, हवे तेव्हा तेच परत वर. लुटलेला पतंग आपण पुन्हा उडवतोच की. याला ऑब्जेक्ट पूल म्हणतात. भाषा बदलावी लागली नाही.

जुन्या लोकांची गोष्ट वेगळी. 1993 चा डूम सीमध्ये लिहिलेला, आणि 1999 चा रोलरकोस्टर टायकून ख्रिस सॉयरने जवळजवळ सगळा असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिला. तेव्हाच्या मशिनी आजच्यापेक्षा पुष्कळ हळू होत्या. उलट माइनक्राफ्ट सुरू झाला जावात, आणि ती आवृत्ती आजही चालते. फोन आणि कन्सोलवर चालणारी बेडरॉक आवृत्ती मात्र सी प्लस प्लसमध्ये आहे. खेळ तोच, मशीन वेगळं, म्हणून भाषा वेगळी.

एकटे असाल तर गोडोपासून सुरुवात करा. फुकट आहे, आणि पायथन येत असेल तर जीडीस्क्रिप्ट परकी वाटणार नाही. नोकरी डोळ्यापुढे असेल तर ज्या कंपन्यांत जायचंय त्यांच्या जाहिराती आधी वाचा, त्यात इंजिन लिहिलेलं असतं. आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर पहिल्या आठवड्यातच चालवून बघा. लॅपटॉपवर काहीही पळतं.